झाडणारे हात

गेल्या पावसाळ्यापूर्वीं शाळेचें आवार स्वच्छ करावयाचें ठरलें, तेव्हां मीं नेहमींप्रमाणें कामें वांटून दिलीं. मुलींनीं झाडावें, कचरा कोठें जाळावयाचा तें मुलग्यांनीं ठरवावें. सायंकाळीं नववींतील एक विद्यार्थिनी खोकत माझ्याकडे आली व म्हणाली, "सर, सारा धूर आमच्या अंगावर आला. जागा ठरवितांना आम्हांस कां विचारलें नाहीं?" वीस वर्षें शिकविणाऱ्या मला उत्तर सुचलें नाहीं.

त्या रात्रीं मीं नकाशा उघडला. भूगोलाच्या तासाला ज्यांना मी सहज 'ठिपके' म्हणतों, त्या बेटांवर हाच प्रश्न जिवावरचा आहे. तेथें कचऱ्यास दूरची जागाच नसते. मालदीवांत मालेजवळील थिलाफुशी हें बेट १९९२ पासून मुख्यतः कचऱ्याच्या भरावानें वाढत गेलें. प्रवाळबेटांवर खड्ड्यांतून झिरपणारें विष जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या पातळ थरास लागतें. प्लास्टिक उघड्यावर जाळलें, तर डायॉक्सिनसारखीं विषें निर्माण होतात. तीं शरीराच्या चरबींत सांठतात व आईच्या दुधावाटे बालकाच्या पोटांत जातात. माशांतील पारा तर गर्भापर्यंत पोंचतो. आपल्या कोंकणांतून गेलेल्या मजुरांचे वंशज जेथें नांदतात, त्या मॉरिशसांत उसाचे मळे आहेत. अशा मळ्यांत औषध कोणीहि फवारो, त्या औषधानें भिजलेले कपडे धुणारे हात बहुधा घरच्या स्त्रीचेच असतात.

२००१ चा स्टॉकहोम करार व २०१३ चा मिनामाता करार, या दोहोंच्या प्रस्तावनेंत स्त्रियांस व त्यांच्याद्वारें पुढील पिढ्यांस होणाऱ्या अपायाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु, विद्यार्थी मित्रहो, अपाय सोसणाऱ्यांच्या यादींत नांव येणें निराळें आणि निर्णयाच्या बैठकींत आसन मिळणें निराळें. ज्यांच्या हातून रोज कचरा जातो, त्यांनाच त्यांत काय आहे हें ठाऊक असतें. त्यांना वगळून केलेली व्यवस्था अर्धवट ज्ञानावर उभी राहते.

पुढच्या सफाईच्या वेळीं मीं त्याच विद्यार्थिनीस प्रमुख नेमलें. तिनें प्रथम जाळणें बंद केलें, ओल्या कचऱ्यास खड्डा खणविला, आणि केरसुण्या मुलग्यांच्या हातीं दिल्या. एक माझ्याहि हातीं आली. पाठ दोन दिवस दुखत होती. पण इतक्या वर्षांत न शिकलेला धडा त्या दिवशीं मी शिकलों.