दारावरची डहाळी

कांजिण्या झालेल्या मुलाच्या घराच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि तिच्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी, आत येऊ नये एवढे ती न बोलता सांगत असे, हे मान्य करावे लागते. मात्र ही सूचना नेहमीच उशिरा टांगली जाते. कारण कांजिण्यांचा विषाणू पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हवेतून व स्पर्शातून पसरू लागतो आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत पसरत राहतो. ओळखण्याची खूण अशी की, लाल पुटकुळ्या, पाणी भरलेले फोड आणि खपल्या अंगावर एकाच वेळी दिसतात. १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झालेल्या देवीच्या रोगात मात्र एका भागातले फोड एकाच अवस्थेत असत. नखे कापावीत, पाणी पाजत राहावे, गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून यकृत व मेंदूला इजा करणारा ‘राय सिंड्रोम’ उद्भवू शकतो. खाजवू नकोस असे रात्रभर सांगत बसण्यातली असहायता मात्र कोणत्याही वैद्यकीय सूचनेत येत नाही. खपल्या गळतात, डहाळीही वाळते. विषाणू तेवढा मज्जातंतूंच्या गंडिकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, निद्रिस्त राहतो आणि कधी कधी अनेक दशकांनी, शरीराच्या एकाच बाजूला, नागीण होऊन उठतो.