पाळण्यातले पाय

भाचीच्या बाळाच्या कागदांत त्याच्या पावलाचा ठसा होता. शाईचा, जरासा फरफटलेला. करंगळीचा ठिपका उमटलाच नव्हता. बाकीचे कागद हातोहात फिरले, हा माझ्याच हातात राहिला.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," जाऊबाई म्हणाल्या. घरात बाळ आलं की हे कुणीतरी म्हणतंच.

दिसतात म्हणजे काय दिसतं? नवजात तळवा सपाट असतो, कमान पुढे यायची असते. पोटऱ्या बाकदार. त्यावरून गवई कोण निघणार आणि गुंड कोण, हे आधी सांगणारं मला कुणी भेटलेलं नाही. पोरगं कलेक्टर झालं किंवा त्याला पोलिसांनी नेलं, की मग ही म्हण आठवते. शिवाय सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री कपाळावर सगळं लिहून जाते म्हणतात, त्यासाठी आपण कोरा कागद आणि लेखणीही ठेवतो. मग पायांकडे उरतं काय? तरी या म्हणीतलं एक मला आवडतं. हिंदीत 'पूत के पाँव' असतात. आपलं 'मुलाचे' हे 'मूल'चं रूप, त्यात मुलगीही मावते.

पाय खरोखर बघणारी एकच बाई मला माहीत आहे. माझा धाकटा चुलतभाऊ झाला तेव्हा ती काकूच्या बाळाला न्हाऊ घालायला यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. न्हाणीत पाटावर बसून ती पाय लांब करायची आणि नडग्यांच्या पन्हळीत बाळ पालथं घालायची. तेल, मग डाळीचं पीठ नि साय, मग हाताला सोसेल त्याहून जरा कढतच वाटणारं पाणी. बाळ टाहो फोडायचं आणि ती त्याच्याशी गावातल्या भानगडी बोलायची. शेवटी उजवा हात नि डावा पाय, डावा हात नि उजवा पाय अशी ओढ. त्या ओढीत ती एकदा थांबली. डावं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा वर बघत होता.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आजीला म्हणाली, "वैनी, ह्ये मालिशीनं सरळ व्हायचं न्हाई. दवाखान्यात दावा."

घरात मात्र काकूच्या गरोदरपणातलं ग्रहण निघालं. काकूनं ग्रहणाच्या दिवशी भाजी चिरली होती का, दोरा तोडला होता का? एका आत्यानं तर ती पाय दुमडून बसली होती असंही सांगितलं. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हजारात एखादं मूल असं जन्मतं आणि त्यात विळीचा काही संबंध नसतो, हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता पोन्सेटी पद्धत आहे. आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टरं, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक बारीक छेद, आणि मग चारेक वर्षांचं होईपर्यंत रात्री दांडीला जोडलेले बूट. ती बाळं पाळण्यात झोपली की पाय खरंच दिसतात, सगळ्यांच्या आधी.

तेव्हाही प्लास्टरच घातलं होतं, फार महिने. भाऊ आज चालतो, फक्त त्याची डावी चप्पल बाहेरच्या कडेनं आधी झिजते. हे त्याच्या चांभाराला माहीत आहे, बायकोला नाही.

मला आठवतात त्या प्लास्टर बदलायच्या आदल्या संध्याकाळी. मावशी त्या दिवशी दुसऱ्यांदा यायची, जादा पैसे न घेता. घंगाळात कोमट पाणी घेऊन ती बाळाचा पाय त्यात धरून बसायची. पट्टी सुटत जायची, पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं. मग आतून सुरकुतलेलं, ओलं, कोंडा धरलेलं ते पाऊल निघायचं. सकाळी पुन्हा प्लास्टर. तेवढ्या एका रात्रीपुरतं ती त्याला तेल लावायची, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि भानगडी सांगायच्या सोडून अगदी गप्प असायची.