अंतराचं देणं

माझ्या मुलीहून लहान असलेल्या एका मुलीचं माझ्यावर ऋण आहे. ती पुण्यात रविवारी सकाळी मैदानावर कुत्र्यांचा वर्ग घेते. आमची बुंदी देशी, रस्त्यावरून घरी आलेली. घरात सांगितलेलं सगळं ऐकायची, पण बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की पट्टा ताणून घसा बसेपर्यंत भुंकायची. आधीच्या एका वर्गातून ‘हिला आणू नका, बाकीची बिघडतात’ असं ऐकून आम्ही परत आलो होतो.

या मुलीने बुंदीला जरा वेळ नुसतं न्याहाळलं. बुंदी जांभया देत होती, सारखी नाक चाटत होती. “काकू, भांडखोर नाही हो ही, घाबरलीय,” असं म्हणून तिने आम्हाला मैदानाच्या पार टोकाला, एका गाडीच्या आडोशाला नेलं. “इथे ती तुमच्या हातचं खातेय ना? मग आपला वर्ग इथेच. खाणं थांबलं, की समजायचं, एवढं जवळ तिला झेपत नाही.”

मग एक खेळ शिकवला. बुंदीने लांबच्या कुत्र्याकडे पाहिलं रे पाहिलं, की मी टाळूला जीभ लावून ‘टक्’ करायचं आणि उकडलेल्या चिकनचा कणभर तुकडा द्यायचा. ज्याच्यावर ती भुंकते त्याच्याकडे पाहिल्याचं बक्षीस? मला ते उलटंच वाटलं. पण भीतीच्या जागी खाऊची वाट पाहणं येतं, तसं भुंकायची गरजच उरत नाही. काही आठवड्यांनी बुंदी त्या कुत्र्याकडे पाहून आपणहून माझ्याकडे वळली, तेव्हा माझे डोळे भरून आले. ती गवत हुंगायला लागली तर ओढायचं नाही, हेही तिथेच कळलं. हुंगून ती स्वतःला सावरत असते. वर्गाच्या वर्तुळाकडे आम्ही सरकलो ते पावलापावलाने, आणि बुंदी बावरली की लगेच मागे.

हा खेळ लेस्ली मॅकडेव्हिट या अमेरिकन प्रशिक्षिकेचा, २००७ मधल्या ‘कंट्रोल अनलीश्ड’ या पुस्तकातला. जांभईतली बेचैनी ओळखायला नॉर्वेच्या तुरिद रुगास यांनी जगभरच्या लोकांना शिकवलं. आणि ‘टक्’ची पद्धत रुजवली कॅरन प्रायर यांनी. त्या १९६०च्या दशकात हवाईत डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवत. इतक्या लांबच्या बायकांचं शहाणपण त्या मुलीच्या हातून आमच्यापर्यंत पोचलं.

बुंदी आता वर्तुळात बसते, कडेला, आपल्या चटईवर. फी त्या मुलीने इतरांइतकीच घेतली. वर्ग सुटल्यावर आमच्यासाठी थांबायची त्या वेळेचे पैसे कधी घेतले नाहीत. विचारलं, तर म्हणाली, “माझी आधीची कुत्री अशीच होती, काकू. हे सगळं मी तिच्यासाठी शिकले.” ती कुत्री मी पाहिलेली नाही, पण तिचंही देणं लागते.