अम्मीची बरणी

लेकीला मासा हवा होता. कल्याणहून एक निळा फायटर आणला, सोबत नारळाएवढं गोल काचेचं भांडं. आठव्या दिवशी मासा तळाशी. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "पप्पा, मी तर रोज पाणी बदलत होते."

चूक तीच होती, आणि ती माझी होती. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू रेतीत, काचेवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रोज भांडं घासून त्यांनाच धुऊन टाकत होतो. वर ओतत होतो ते नळाचं ताजं, क्लोरीनचं पाणी.

मी लहानपणी मासे पाहिले ते मुंबईच्या जामा मशिदीत. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही १८०२ सालची मशीद जुन्या तळ्यावर उभी आहे. वुजू करायला बसलं की पायाशी मासे यायचे. ते मेल्याचं कधी पाहिलं नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. मदरशात शिकलो होतो की दोन कुल्ले, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास पाणी असेल, तर रंग, वास, चव बदलेपर्यंत नजासत पडूनही ते नापाक होत नाही. त्याहून कमी असेल तर लगेच होतं. मसला तहारतचा आहे, माशांचा नाही, उलेमांनी राग मानू नये. पण थोडं पाणी काही माफ करत नाही, हे मला मेलेल्या माशासमोर पटलं.

मग मोठं भांडं शोधायला माळ्यावर चढलो. तांब्याची देग निघाली, पण कल्हई उडालेली. पाण्यात उतरलेलं तांबं माशांना विष. चिनी मातीची बरणी चांगली ऐसपैस, पण आत दिसणार काय? लेकीने जुन्या फ्रिजचा भाजीचा ट्रे सुचवला. भरल्यावर तो पोटुशीसारखा फुगला.

उरली अम्मीची लोणच्याची काचेची बरणी. बारा लिटरची, लाल झाकणाची. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून रिकामीच. बायको म्हणाली, "अब्बांना विचारा आधी."

अब्बा बराच वेळ तस्बीह फिरवत राहिले. मग म्हणाले, "घे. साबण लावू नको."

साबणाचा अंश माशाला मारतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अम्मी त्या बरणीला साबण लावू देत नसे, एवढंच.

पहिल्यांदा पाणी भरलं तर वर तेलाचा पातळ तवंग. फायटर कल्ल्यांशिवाय पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, तवंग चालणार नाही. सिरका आणि कोमट पाण्याने धुतली. दुसऱ्यांदाही तवंग. सहा वर्षं रिकाम्या बरणीत तेल कुठे लपलं होतं कोण जाणे. चौथ्यांदा पाणी स्वच्छ राहिलं.

अब्बांनी विचारलं, "वास गेला?"

"गेला."

ते उठून आत गेले. त्या रात्री मला वाटलं, दीडशे रुपयांची टाकी आणली असती तर बरं झालं असतं.

बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, हे नंतर कळलं. खांद्याखाली, जिथे ती सर्वांत रुंद आहे तिथे पाणी थांबवलं की हवा जास्त लागते. खाली रेती, तळ्यातली हायड्रिला. फिल्टर नाही. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर वीज आमच्या पडघ्यात येते, पण घरातली कधी जाईल सांगता येत नाही. सहा आठवडे बरणीत मासा नव्हता, नुसती झाडं आणि चिमूटभर खाणं. शेजारी विचारून विचारून थकले. आता एकच फायटर आहे. रविवारी दोन-तीन लिटर पाणी बदलतो, ते एक दिवस बादलीत ठेवलेलं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला.

फजरनंतर खाणं अब्बाच टाकतात. चार दाणे, मोजून. लेकीलाही हात लावू देत नाहीत.

यंदा कैऱ्या आल्या तेव्हा ते बाजारातून दोन किलो घेऊन आले. बायको म्हणाली, "लोणचं? भरायचं कशात?"

अब्बांनी माळ्याकडे बोट दाखवलं. "ती चिनी मातीची काढ. तिला साबण लावला तरी चालेल."