गजबजलेली पेठ

माझे बालपण साताऱ्यात राजवाड्याजवळ गेले. आमच्या घराखाली शिंप्याचे दुकान, शेजारी पेढ्यांचे, वर बिऱ्हाडे. जवळच छत्रपतींचा जुना वाडा. त्यात प्रतापसिंह हायस्कूल भरे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव आंबेडकर याच शाळेत दाखल झाले होते. पहाटे दूधवाले, सकाळी विद्यार्थी, दुपारी गिऱ्हाइके, सायंकाळी देवदर्शनास निघालेली मंडळी. पेठ कधी ओस पडत नसे.

एकदा मोती चौकातील गर्दीत माझा हात आईच्या हातातून सुटला. मला रडू कोसळले. तोच एका दुकानदाराने मला ओळखले, पायरीवर बसविले आणि आई येईपर्यंत माझ्याशी गप्पा मारल्या.

पुढे नोकरीनिमित्त मी सांगलीस आलो. गावाबाहेरच्या वसाहतीत बिऱ्हाड केले. रस्ते रुंद, घरे नवी आणि एकसारखी. पण तेथे ना दुकान, ना शाळा. दुपारी चिटपाखरूही दिसत नसे. एके दिवशी माझा लहानगा तेथे वाट चुकला. सारी दारे बंद! तासभर तो एकटाच रडत उभा होता.

त्या रात्री मला मोती चौकातील ती पायरी आठवली. नाना कामांसाठी नाना माणसे येत-जात असतात, म्हणूनच पेठेत मुलांकडे कोणाचे तरी लक्ष असते.

महिन्याभरात आम्ही गणपती पेठेत राहावयास गेलो. घर जुने, खोल्या लहान. पण आठवड्याच्या आत किराणा दुकानदार माझ्या मुलाला नावाने हाक मारू लागला.