तिथीची पाऊणपट

बदलापूरच्या पोरांना चौपाटी ठाऊक असते, समुद्र नसतो. गावाच्या पश्चिमेला उल्हास नदीचा जो काठ आहे त्यालाच आम्ही चौपाटी म्हणतो. त्यामुळे दीड महिना समुद्राजवळ राहायला जायचंय असं सांगितल्यावर चार वर्षांच्या धाकट्याने विचारलं, "चौपाटीवर?" हो म्हटलं. त्याला वाटलं रिक्षाने जाऊ, रात्री झोपायला घरी येऊ.

आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं होतं. डोक्यावर ड्रिल आणि घरभर सिमेंटची धूळ, त्यात मुलांना मे महिन्याची सुट्टी. माझं काम लॅपटॉपवर होत होतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मावशींचं मनोरीला जुनं घर होतं, त्यातल्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. बदलापूर ते दादर, दादरहून मालाड, तिथून मार्व्याची बस आणि मग खाडी ओलांडायला तर. तरीत माणसांबरोबर स्कूटरीही चढतात. थोरली सात वर्षांची. स्कूटरला बोटीचं तिकीट लागतं का, हा प्रश्न तिला पलीकडचा धक्का येईपर्यंत पुरला.

मनोरी, गोराई, उत्तन हा सगळा पट्टा म्हणजे धारावी बेट. धारावी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे माहीम-सायनमधली वस्ती येते, तसं माझंही झालं होतं. पण हे बेट वेगळं. एका बाजूला अरबी समुद्र, साष्टीच्या बाजूला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी. आता भाईंदरकडून सरळ रस्ता येतो, तेव्हा बेटपण बरंचसं नकाशापुरतंच उरलंय. थोरलीच्या पुस्तकात बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. त्या हिशेबाने आमच्या भागातलं शेवटचं बेट मी २७ जुलै २०१९ ला पाहिलं, टीव्हीवर. उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवासी डब्यांत बसून होते. थोरली तेव्हा मांडीवर होती.

पहिला आठवडा मी किनारे शोधण्यात घालवला. मुलांना नेण्याजोगा किनारा म्हणजे काय, याची माझ्या मनात एक यादीच होती: उतार कमी हवा, सावली हवी, बाटल्यांच्या काचा नकोत, मोठ्याने गाणी लावणारी टोळकी नकोत, जवळपास स्वच्छतागृह हवं. गोराईची पुळण ऐसपैस, पण रविवारी तिथे घोडागाड्या, मक्याची कणसं आणि माणसं इतकी, की धाकट्याचा हात सोडायची सोय नाही. उत्तनला गेलो तर किनाऱ्यावर वलांड्या उभ्या. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, रांगेने सुकत होते. थोरलीने नाक दाबलं. धाकटा मात्र खूष, "ते भांडतायत का?" किनारा सुंदर, पण तो कामाचा किनारा. तिथे वाळूत किल्ले बांधणं म्हणजे कोणाच्या कारखान्यात जाऊन लपाछपी खेळणं. मनोरीचाच किनारा घराजवळ, त्यातल्या त्यात शांत, सुरूची थोडी सावलीही. पण पहिल्याच दिवशी थोरली खडकांवर चढली आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कवचाने तिची टाच कापली. रक्त थोडं, रडणं फार. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी गेलो तर पाणी आणखी दूर. तिसऱ्या दिवशी त्याहूनही दूर.

मावशी ओट्यावर बसून हे रोजचं जाणं-येणं बघत होत्या. त्या ईस्ट इंडियन. घरात एका भिंतीवर क्रूस, शेजारच्या भिंतीवर कालनिर्णय. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" मला सांगता येईना. मी गणपतीपुरती चतुर्थी बघणारी बाई. त्यांनी चष्मा न लावताच कालनिर्णयावर बोट ठेवलं. "पंचमी. तिथीला पाऊणपट कर. पावणेचार. त्या सुमाराला भरती पुरी भरली. तू पोरांना घेऊन पाचला जातेस, तेव्हा पाणी माघारी निघालेलं असतं. ओहोटीचं पाणी ओढतं. पोरांना नेऊ नये त्यात."

एवढंच गणित. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. घड्याळात थोडंफार पुढेमागे होतं, पण मुलं खेळवायला तेवढं पुरतं. शाळेत भरती-ओहोटीवर चार मार्कांचं उत्तर मी पाठ केलं होतं, चंद्राचं गुरुत्वाकर्षण वगैरे. त्यात पाऊणपट नव्हती. उधाण हा शब्द तर मी जन्मभर फक्त उत्साहाला लावत आले. अमावास्या-पौर्णिमेचं मोठं पाणी ते उधाण, अष्टमीच्या आगेमागे येणारं आळशी पाणी तो भांग, हे मावशींनी भाजी निवडता निवडता सांगितलं.

मग मी किनारे शोधायचे थांबवले आणि वेळा शोधू लागले. यादीतल्या निम्म्या गोष्टी तिथीनेच निकालात निघाल्या. द्वादशी-त्रयोदशी हा आमचा सण झाला. नऊ-पावणेदहाची भरती, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पाणी तळाला गेलेलं. पाचला आम्ही पोचायचो तेव्हा ओली पुळण लांबवर उघडी असे, आणि खडकांच्या अलीकडे वाळूत साचलेली डबकी दिवसभराच्या उन्हाने कोमट झालेली. धाकट्याच्या गुडघ्याएवढं पाणी. तो त्याचा बाथटब. शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा त्याला पहिल्यांदा दिसला तो अशाच एका डबक्यात. शंख हातात घेतला की आत जायचा. खाली ठेवला की बराच वेळ काही नाही, मग एक पाय, दुसरा पाय. धाकटा त्याच्यापुढे उकिडवा बसून श्वास रोखून वाट बघे, इतका की मला वाटे हा आता पडेल. तेवढ्यात मागून पाणी सरकत सरकत येई, डबक्याचा काठ ओलांडे आणि खेकडा, बादली, एक चप्पल सगळं हलायला लागे. येणारं पाणी आपल्याला किनाऱ्याकडे ढकलतं. घरी चला म्हणून ओरडावं लागत नाही, तो समुद्रच दर पाच मिनिटांनी पाऊलभर मागे सरा म्हणतो. शुक्ल पक्षात तर परतताना चंद्रही असायचा.

चतुर्थी-पंचमीला आम्ही पाण्यात जात नसू. त्या दिवशी फक्त किल्ले. नवरा शनिवारी रात्री दमून यायचा आणि रविवारी संध्याकाळी टॉवेल घेऊन तयार व्हायचा, तर थोरली त्याला दारातच अडवे, "बाबा, आज पंचमी आहे." एवढी धार्मिक कधीपासून झाली, असं त्याने मला विचारलं.

एका सकाळी बेटाच्या उत्तर टोकाला चौकला गेलो. पोर्तुगिजांच्या धारावी किल्ल्याचे अवशेष तिथे आहेत. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा आधी हा किल्ला हाती आला होता. खाडीच्या तोंडापलीकडे वसईचा किल्ला. मुलांना दोन्ही किल्ल्यांत रस नव्हता, आपल्या किल्ल्यासारखे ओले नव्हते म्हणून. मी मात्र पाण्याकडे बघत राहिले. राजमाचीच्या डोंगरात निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करत येणारी, उल्हासनगरला स्वतःचं नाव देणारी, कल्याणला वालधुनीला पोटात घेणारी आमची नदी ती हीच. ठाण्याच्या वरच्या अंगाला तिचे फाटे होतात; एक ठाण्याच्या खाडीत उतरतो, मोठा साष्टीला वळसा घालून इथे, या तोंडाशी समुद्राला मिळतो. सुमारे १२२ किलोमीटरचा प्रवास. लोकलने मला त्याहून कमी अंतराला तीन तास लागले होते.

वालधुनीचं नाव घेतलं की आनंद जरा आवरता घ्यावा लागतो. अंबरनाथला १०६० सालच्या शिवमंदिराच्या पायाशी तीच वाहते, आणि पुढे उल्हासनगरला जीन्सच्या रंगाने तिचं पाणी निळं झालेलं मी कितीदा गाडीतून पाहिलंय. मनोरीच्या पुळणीवर भरतीने आणून टाकलेल्या रेषेत दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, एकेकटे सँडल. रोज खेळण्याआधी दहा पावलांचा तुकडा झाडून घ्यायचा, हे आमचं ठरलेलं काम होतं. त्यात थोरलीला एकदा एक चप्पल सापडली. "ही बदलापूरहून आली असेल?" मी म्हटलं, असेलही. तिने ती उलटसुलट करून बघितली, तळव्यावर पत्ता असावा तशी.

जूनमध्ये मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या गेल्या. दोन मोठे पाऊस झाले, समुद्र मातकट झाला आणि मावशींनी पोरांचं पाण्यात जाणं बंद केलं. तिथीचा प्रश्न उरला नाही. निघायच्या आदल्या दिवशी नुसतं पाय ओले करायला म्हणून गेलो, तर भरतीच्या रेषेत प्लॅस्टिकच्या जोडीला हिरवे पुंजके पडलेले. खारट पाण्याने पानांच्या कडा काळवंडलेल्या, एका पुंजक्यात जांभळं फूल मात्र अजून ताठ. जलपर्णी. पहिल्या पुराबरोबर खाड्यांतून वाहून येते. कुठल्या नदीची कोणास ठाऊक.

धाकट्याला शंका नव्हती. "ही आपल्या चौपाटीवरची!" तो धावत गेला, एक देठ मोडून घेतला. जलपर्णीचा देठ मधे फुगलेला असतो, आत हवा. बदलापूरला काठावर उभं राहून तो नेहमी करतो तेच त्याने केलं. दोन्ही तळव्यांमध्ये देठ धरला, डोळे मिटले आणि दाबला. फट्‌ असा आवाज झाला. मग बहिणीला म्हणाला, "अजून एक दे."