बंद पडतं की चुकतं?

सांगलीच्या गणपती पेठेत एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली काकांचं टेबल होतं. त्याला दुकान म्हणावं असं काही नव्हतं. पाटी नव्हती, काउंटर नव्हता. वर एक ट्यूबलाइट, टेबलावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न, भिंतीला टेकवून ठेवलेल्या उघड्या कॅबिनेटांची रांग. काकांनी तरुणपणी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला होता. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, मग पिक्चर ट्यूबचे टीव्हीही जायला लागले, तसे ते कॉम्प्युटरकडे वळले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

मी तेव्हा घरच्या माडीवर डीटीपी करायची. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिकांक, पतपेढ्यांचे अहवाल, दिवाळीच्या आधी एखाद्या अंकाची पानं. पेजमेकर आणि श्रीलिपी, पेंटियम ४, विंडोज एक्सपी, २५६ एमबीच्या दोन रॅम. मशीन २००४ साली घेतलेलं. २००९च्या उन्हाळ्यात, ऐन अहवालांच्या हंगामात, ते बिनसलं. पेजमेकर मध्येच बंद व्हायचा. निळा स्क्रीन यायचा आणि दर वेळी त्यावर वेगळाच संदेश असायचा. मोठी झिप फाइल उघडायला गेलं की ती खराब आहे म्हणायचं, आणि तीच फाइल थोड्या वेळाने नीट उघडायची.

ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी पाहण्याआधीच निदान केलं. एकाने व्हायरस म्हणून विंडोज नव्याने टाकली. दुसऱ्याने रॅम गेली म्हणून एक रॅम बदलली आणि माझी जुनी सोबत नेली. दोघांनीही कॅबिनेट उघडताना मला सांगितलं, ‘ताई, तुम्ही हात लावू नका.’ मशीन होतं तसंच राहिलं.

मग ती पतपेढीची यादी आली. त्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममधून निघालेली साधी टेक्स्ट फाइल, सभासदांची नावं आणि ठेवी. पानं लावून प्रूफ पाठवलं, तर तिथले क्लार्क ते घेऊन परत आले. बेरीज जुळत नव्हती. त्यांनी ओळ न् ओळ ताडून चूक शोधली होती: एका ठेवीत १ च्या जागी ९ आला होता. मी मूळ फाइल उघडून पाहिली, तिच्यात १ होता. आकडे मी हाताने टाइप केलेलेच नव्हते, फाइल जशीच्या तशी आत घेतली होती. हे कळल्यावर पोटात गोळा आला. मशीन बंद पडतं तेव्हा निदान कळतं तरी. हे चालत राहून चुकत होतं, आणि अशा किती चुका आधीच छापून गेल्या असतील याला काही मोजमाप नव्हतं. त्या क्लार्कनी मला काकांचा पत्ता दिला.

काकांनी मशीनकडे पाहिलंच नाही. पहिला प्रश्न मला विचारला, ‘ताई, बंद पडतं की चुकतं?’

मी १ आणि ९ ची गोष्ट सांगितली. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: ००११०००१ आणि ००१११००१. वरचा १, खालचा ९. टेक्स्ट फाइलमध्ये आकडे असे साठवतात. आठ खुणांपैकी सात सारख्या, फरक फक्त एका खुणेचा. एक बिट पलटला की लाखाचे नऊ लाख होतात. पतपेढीचा दोष नाही, तुमचा नाही, पेजमेकरचाही नाही, असं ते शांतपणे म्हणाले. त्या दिवसांत मला त्या वाक्याची किती गरज होती ते त्यांना बहुधा कळलं असावं.

रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर, हे मी त्या टेबलाशी पहिल्यांदा ऐकलं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही कल्पना, १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. १९७० मध्ये इंटेलची ११०३ नावाची रॅमची चिप आली, तिच्यात १०२४ बिट मावायचे. माझ्या २५६ एमबीच्या एका रॅममध्ये २१४ कोटींहून जास्त होते. यातला प्रत्येक कपॅसिटर म्हणजे गळकी घागर आहे, काका म्हणाले. भरलेला विद्युतभार सतत झिरपत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम पुन्हा भरून घ्यावी लागते. मशीन चालू असेपर्यंत हे अखंड चाललेलं असतं. हे ऐकल्यापासून रॅम चुकते याचं मला आश्चर्य वाटत नाही. ती इतका वेळ बरोबर राहते, याचं वाटतं.

त्यांनी एक वही माझ्यापुढे सरकवली आणि स्क्रू ड्रायव्हर हातात दिला. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या बाहेर ढकला. रॅम निघाली. खाचेवरून ती कशी ओळखायची ते त्यांनी दाखवलं. डीडीआरला १८४ पिना आणि खाच एका ठराविक जागी, डीडीआर-टूला २४० पिना आणि खाच सरकलेली, म्हणून चुकीची रॅम बसतच नाही, बसवायला जोर लावू नका. पिनांवर ओलीचा काळपट थर होता. खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे, काकांना ती पटत नव्हती. रबराने वरचा सोन्याचा मुलामा झिजतो, असं त्यांचं म्हणणं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं वापरायचे. मीही तेच वापरते.

साफ करून रॅम परत बसवली, तरी चूक तशीच. मग मेमटेस्ट. सीडीवरून मशीन सुरू केलं की विंडोजच्या आधीच हा प्रोग्रॅम चालतो, रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचून पाहतो. निळ्या स्क्रीनवर चुकलेल्या ओळी लाल येतात: पत्ता काय, काय लिहिलं, काय वाचलं. पहिली फेरी स्वच्छ गेली. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच काका म्हणाले, अजून मशीन गार आहे. तो भारनियमनाचा काळ, टेस्ट मध्येच तुटायची, म्हणून वेळापत्रक पाहून ती रात्री लावावी लागे. मशीन तापल्यावर लाल ओळी यायला लागल्या, त्याही ज्या टेस्टमध्ये डेटा भराभर इकडून तिकडे हलवतात तिथे जास्त.

इथून पुढे त्यांची शिस्त सुरू झाली, आणि माझं ऋण खरं तर या शिस्तीचं आहे. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहिल्याशिवाय दुसरा नाही. पहिली रॅम पहिल्या स्लॉटमध्ये एकटी. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी रॅम तशीच. दोन रॅम, दोन स्लॉट, चार नोंदी. रॅम खराब असती तर चूक तिच्यासोबत फिरली असती. स्लॉट खराब असता तर त्या जागी थांबली असती. आमच्या चारही नोंदींत चुका होत्या, आणि पत्ते दर वेळी वेगळे. एकच पत्ता, एकच बिट पुन्हा पुन्हा चुकला तर रॅमवर संशय घ्यावा. चुका अशा विखुरल्या तर रॅमच्या पलीकडे पाहावं.

तरी त्यांनी रॅमला निर्दोष म्हटलं नाही. दोन्ही पट्ट्या आपल्या मशीनमध्ये घालून रात्रभर टेस्ट चालवली. एकही लाल ओळ नाही. ‘दोन मशीनमध्ये चुकल्याशिवाय पार्टला खराब म्हणायचं नाही,’ ते म्हणाले. माझी जी जुनी रॅम खराब म्हणून नेली गेली, तिची कुणी अशी परीक्षा घेतली नव्हती.

मग पॉवर सप्लाय. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजले. बारा व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६, पाचच्या वायरवर ४.७५ ते ५.२५ चालतं, आमचे आकडे त्यात बसत होते. बायॉसमध्ये जाऊन रॅमचा वेग एक पायरी कमी केला तर चुका एकदम घटल्या. काकांचा चेहरा तेव्हा उजळला, कारण आता बोट एकाच दिशेला जात होतं: बोर्डवरून रॅमला मिळणारं व्होल्टेज स्थिर नव्हतं.

त्यांनी बॅटरी लावून रॅमच्या स्लॉटशेजारचे उभे कपॅसिटर दाखवले. वरची चकती सपाट असायला हवी, इथे दोन फुगले होते आणि एकावर तपकिरी पापुद्रा आला होता. त्या काळात जगभर बनलेल्या असंख्य बोर्डांची हीच कहाणी होती. काही कारखान्यांच्या कपॅसिटरमधलं द्रावण सदोष होतं, आत वायू तयार व्हायचा आणि टोपी फुगायची. काकांना त्यावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती, ती मी वाचून दिली: मायक्रोफॅरड किती, व्होल्ट किती, तापमान १०५ अंश. ऋण बाजूची पट्टी कुठे आहे ते वहीत काढून ठेवलं. बोर्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे जुना कपॅसिटर काढताना धीर लागतो. त्यांनी एक काढला आणि दुसऱ्याच्या वेळी आयर्न माझ्या हातात दिलं. आयुष्यात मी अशी तापलेली टोकदार वस्तू धरली नव्हती. ते शेजारी उभे राहिले, एकदाही हात पुढे केला नाही.

रॅम पुन्हा पूर्ण वेगावर ठेवून मेमटेस्ट रात्रभर चालवली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होतं. काकांनी कपॅसिटरचे पैसे आणि मजुरी चोख घेतली. ते पैसे फिटले.

त्याच वर्षी गूगलच्या सर्व्हरांतल्या रॅमचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मी बऱ्याच नंतर वाचला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांत निदान एक तरी चूक सापडली होती. त्या सर्व्हरांतली रॅम चूक ओळखून दुरुस्त करणारी असते. घरोघरच्या, दुकानांतल्या मशीनमध्ये ती सोय सहसा नसते. पतपेढीचे ते क्लार्क, बेरीज हाताने ताडून पाहणारे, आमच्या साखळीत ते काम करत होते. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे.

पुढे बरीच वर्षं मी काकांकडे जात राहिले, अनेकदा काही बिघडलेलं नसताना. त्यांचे डोळे मंदावले तसं आकडे वाचायचं काम माझं झालं. मग ते मुलीकडे हुबळीला गेले. जाताना ती वही आणि काही डीडीआर रॅम माझ्याकडे ठेवून गेले.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर गल्लीतली मुलं चिखलाने भरलेली मशीनं घेऊन आली. चालू करून पाहू नका, एवढं मी आधी ओरडून सांगितलं. हार्ड डिस्क बाजूला काढल्या, रॅम काढून अल्कोहोलने धुतल्या, सावलीत वाळवल्या, आणि मग एकेक पट्टी दोन मशीनमध्ये तपासली. मुलांच्या हातात वही दिली. काही पट्ट्या खरोखर गेल्या होत्या, दोन्हीकडे त्याच पत्त्यावर चुकत होत्या. त्या तेवढ्या टाकल्या.

माझं जुनं मशीन माडीवर होतं म्हणून वाचलं. कपाटातले कागद भिजलेल्या एका पतपेढीला तिच्या जुन्या अहवालांची पानं त्यातून काढून देता आली. श्रीलिपीतल्या त्या पेजमेकर फाइली माझ्या नव्या मशीनवर धड दिसत नाहीत, इथे दिसतात. काकांना फोन करून सांगितलं तर त्यांनी विचारलं, काढण्याआधी मेमटेस्ट चालवली होती ना? चालवली होती, रात्रभर.

काकांनी दिलेल्या डीडीआर पट्ट्यांपैकी चार अजून चांगल्या आहेत, मी वर्षातून एकदा तपासते. अशाच एखाद्या जुन्या मशीनमध्ये कुणाचं पुस्तक, कुणाची सभासदांची यादी अडकली असेल, तर त्या घेऊन जाव्यात, काम झाल्यावर परत आणाव्यात.